याच जागी, याच आकारात

दूध संघाचे अध्यक्ष हिंदुराव शेळके यांचा उजवा डोळा पूर्ण मिटला होता आणि वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता. गालांवर, कपाळावर, कानांच्या पाळ्यांवर चुना थापलेला. ओसरीवरच्या झोपाळ्यात बसून ते उरलेल्या एका डोळ्याने आमचा ‘दैनिक पाणंद’ मोठ्याने वाचत होते आणि स्वतःवरच खूश होत होते.

“‘ज्या हातांनी मला अक्षर गिरवायला शिकवलं, त्या हातांत आज श्रीफळ देताना माझे हात थरथरत आहेत.’ थरथरत आहेत. काय लिवलंय ओ, अण्णा.”

“पण हे तुम्ही बोलला नाहीत,” अण्णा म्हणाले.

“न्हाई.”

“एक शब्दही नाही.”

“एक बोललो. ‘आयो’ म्हनलो.”

अण्णांनी मांडीवरच्या वहीत लिहून घेतलं. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत खाली मान घालून बसले होते. मान खाली घालायला कारण होतं, आणि हसू दाबायलाही तीच सोय होती.

“आणि लोखंडे बाईंनी तुम्हाला शिकवलं होतं का?”

“छ्या. बाई हायस्कूलला. मी चौथीतनं घरी बसलो.” शेळक्यांनी पेपरची घडी घातली आणि ती उशीसारखी थोपटली. “अण्णा, माझं ऐका. हे माघारी कशापायी घेताय? सकाळपास्नं सात जणांनी फोन केला. म्हनले, अध्यक्ष, भाषण म्हंजे भाषण. एवढं चांगलं मी जन्मात बोललो न्हाई.”

“कालही बोलला नाहीत, हीच अडचण आहे.”

“मी तक्रार केलीय का?”

“तुम्ही करणार नाही. म्हणून मला करावी लागते.” अण्णांनी पेन्सिलीने माझ्याकडे बोट केल्यासारखं केलं. “वृंदा फटाके वाजेपर्यंत तिथं होती. गाडी चुकेल म्हणून निघाली, पुढचं तिनं पत्रिकेवरून लिहिलं. चूक आमची.”

शेळक्यांनी एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. त्यांना मला वाचवायचं होतं, हे सुजलेल्या चेहऱ्यावरही दिसलं. “ताई व्हत्या की. पुढच्या रांगेत. मी सोता पाह्यलं.”

मी नव्हते.

---

नेमकं काय झालं होतं ते सांगते.

रेठवडी हे तालुक्याचं गाव, आणि ‘पाणंद’ हा तिथला चार पानी पेपर. संपादक, वार्ताहर आणि बातम्यांची पिशवी एसटीपर्यंत नेणारा हमाल, सगळं एकच माणूस, दिगंबर खटावकर, म्हणजे अण्णा, माझे वडील. आई मी लहान असतानाच गेली होती. एम.ए. झाल्यावर मी वर्षभर घरी आले आणि अण्णांच्या हाताखाली बातम्या लिहू लागले. पेपर जिल्ह्याच्या गावी छापला जायचा. मजकुराचं पाकीट दुपारी साडेचारच्या गाडीने कंडक्टरच्या हाती द्यायचं आणि सकाळच्या पहिल्या गाडीने छापील गठ्ठे परत यायचे. साडेचार म्हणजे साडेचार. त्यानंतर गावात काहीही घडलं तरी ते उद्याचं.

आणि गावातले सगळे समारंभ नेमके चारला असत. म्हणजे पत्रिकेत चार, प्रत्यक्षात पाच. त्यामुळे बाकीच्या पेपरांचे वार्ताहर सरळ पत्रिका समोर ठेवून बातमी लिहीत. पत्रिकेत सगळं असतंच. पाहुणे कोण, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते, आभार कोण मानणार. क्रियापद भूतकाळी केलं की झाली बातमी. वर ‘उत्साहात संपन्न’ असं शीर्षक. उत्साह होता की नाही हे विचारायला कोणी येत नसे, कारण ज्यांची नावं असत ते सगळे खूश असत.

अण्णा तसं करत नसत. त्यांच्या बातम्या एक दिवस शिळ्या असत. लोक हसत. ते म्हणत, “शिळी चालेल. कच्ची नको.”

त्या रविवारी हायस्कूलमध्ये लोखंडे बाईंचा सत्कार होता. बाई निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, आणि आता एकदम सगळ्यांना त्यांची आठवण झाली होती. अण्णा एका गावच्या बंधाऱ्याला तडे गेले होते ते बघायला गेले होते. मला म्हणाले, “सत्काराला तू जा. नीट बघ, परवाच्या अंकात घेऊ.” उद्याच्या पहिल्या पानावर मात्र तीन कॉलम मोकळे राहत होते, ते कशाने भरायचे ते माझ्यावर सोपवलं होतं. आणि माझ्या हातात एक जाडजूड कादंबरी होती. तिची शंभर पानं उरली होती.

मी दोन वाजता पत्रिका समोर ठेवून बातमी लिहिली. पत्रिकेत शेळक्यांचं भाषण नव्हतं, तेही लिहिलं. ते लिहिताना मजा आली, हे कबूल करते. ‘हात थरथरत आहेत’ लिहून मी पेन खाली ठेवलं आणि स्वतःशीच हसले. सव्वाचारला स्टँडवर जाऊन पाकीट दिलं, घरी आले, माडीवर गेले आणि कादंबरी उघडली. मध्ये केव्हातरी हायस्कूलच्या बाजूने लाउडस्पीकरवर मोठमोठ्याने ओरडल्यासारखं ऐकू आलं. वाऱ्यामुळे शब्द कळत नव्हते. कार्यक्रम रंगलेला दिसतोय, असं मनात म्हणून मी पान उलटलं.

अण्णा उशिरा आले, थकलेले होते, जेवून झोपले.

सकाळी पेपरचा गठ्ठा आणि दूधवाला बरोबरच आले. दूधवाला मापाने दूध घालता घालता इतका हसत होता की अर्धं उंबऱ्यावर सांडलं. शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ होतं. पाहुणे आले, त्यांच्या स्वागताला टाकीच्या पायथ्याशीच फटाक्यांची माळ लावली. पुढे जे झालं त्यात सत्कार नव्हता.

अण्णा दारात उभे होते. हातात अंक होता, पहिल्या पानावर तीन कॉलमांत ‘लोखंडे बाईंचा सत्कार उत्साहात संपन्न’.

“वृंदा,” ते म्हणाले, “तू होतीस ना तिथं?”

खरं सांगायला तेव्हा दोन शब्द पुरले असते. मी वीस-पंचवीस वापरले. होते, पाहुणे आले, फटाके वाजले, गाडी चुकेल म्हणून पळत निघाले, पुढचं पत्रिकेवरून लिहिलं. खोटं बोलताना माणूस तपशील फार देतो.

ते रागावले नाहीत. “चला,” म्हणाले. “दुरुस्ती द्यावी लागेल. याच जागी, याच आकारात.”

हा त्यांचा नियम होता. पहिल्या पानावर चुकलो तर दुरुस्तीही पहिल्या पानावर, तेवढ्याच टाइपात. एरवी ‘पाणंद’मध्ये चुका व्हायच्या त्या आडनावांच्या, तारखांच्या. त्याही रोज सकाळी अण्णा स्वतःच शोधत. लाल पेन्सिल घेऊन चारही पानं वाचत. मुद्रणदोषाखाली रेघ, चुकीच्या माहितीवर फुली, आणि जिथं कुणाला तरी काही विचारायचं असेल तिथं समासात एक ठिपका. अख्खी बातमीच न घडलेली, असं बावीस वर्षांत पहिल्यांदाच होत होतं.

“‘सत्कार झाला नाही’ एवढं लिहून भागेल ना?” मी विचारलं.

“तेवढ्याने तीन कॉलम भरत नाहीत. काय झालं नाही ते एका ओळीचं आहे. काय झालं ते लिहावं लागेल.” त्यांनी वही खिशात घातली. “ज्यांची ज्यांची नावं तू छापलीस, त्या सगळ्यांकडे जायचं.”

---

शेळक्यांकडून आम्ही मुख्याध्यापक झांबरे सरांकडे गेलो. स्कूटरवर मी मागे बसलेली. सरांच्या दोन्ही हातांना कापडं बांधलेली होती आणि गुडघा खरचटलेला. त्यांच्या पत्नीने चहा आणला आणि आत जाऊन दाराआड उभ्या राहिल्या. पदर तोंडाला लावल्याचं मला दिसलं.

“मी परिस्थिती ताब्यात घेतली,” सर म्हणाले. “विद्यार्थ्यांना शिस्तीने बाहेर काढलं. माझ्या आधी एकही विद्यार्थी मागे राहिला नाही.”

अण्णांची पेन्सिल थांबली. “म्हणजे तुम्ही सगळ्यांच्या शेवटी बाहेर आलात.”

“साधारण.”

दाराआडून एक विचित्र आवाज आला, भांडं घासल्यासारखा.

“आणि उपस्थिती? आमच्या बातमीत पाचशे छापलीय.”

“पाचशे असू द्या, खटावकर. आकडा बरा आहे.”

“पाचशे जणांना मोहोळ पुरलं नसतं, सर.”

तिथून इकबाल मुलाणी. गावातल्या सगळ्या मांडवांचा आणि लाउडस्पीकरचा मालक. तो दुकानासमोर उकिडवा बसून भोंगा पुसत होता. एकही डंख नाही, टवटवीत.

“मी सतरंजी घेतली न् आत शिरलो,” तो म्हणाला. “समई बी आत घेतली. शाळेची हाय, पितळी. दिवा पेटलाच न्हवता, म्हनून बरं.”

“झांबरे सर शेवटी बाहेर पडले म्हणतात,” अण्णा म्हणाले.

इकबालने फडकं खाली ठेवलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे. “अण्णा, सर पयले. माईक हातात हुता, तसाच घिऊन पळाले. आनि माईक चालू.”

“चालू?”

“सगळ्या गावानं ऐकलं की. ‘आई गं, मेलो गं, टाकीला कुनी फटाकं लावलं रं’ असं. माज्या वायरची लांबी चाळीस फूट. एकेचाळिसाव्या फुटाला पडले.”

अण्णा लिहीत होते. ‘एकेचाळिसाव्या’ लिहिताना त्यांचा हात हलला. मी पाहिलं, त्यांचे खांदेही हलत होते. पण आवाज काढला नाही. बातमी घेताना ते हसत नसत.

“पाहुणे किती वाजता आले, इकबाल?”

“पावनेपाच. पक्कं. पाचला मला बारशाला भोंगा न्यायचा हुता, म्हनून घड्याळच बघत बसलो हुतो. पावनेपाचला गाडी आली, लगीच माळ लावली.”

अण्णांनी लिहिलं, ‘पाहुणे, माळ: ४.४५’. त्यांचं अक्षर मोठं होतं, मला खांद्यावरून वाचता आलं. पाकीट साडेचारच्या गाडीने गेलं होतं. पावणेपाचचे फटाके ऐकून साडेचारच्या गाडीला पाकीट कोणी देऊ शकत नाही. माझ्या कानात तो भोंगा पुन्हा ओरडू लागला.

अण्णांनी वही मिटली. “चला,” म्हणाले. “बाई राहिल्या.”

---

लोखंडे बाई परसात तुळशीला पाणी घालत होत्या. सत्तरीला टेकलेल्या, काठीसारख्या सरळ, आणि चेहऱ्यावर एकही डाग नाही.

“तुम्हाला चावलं नाही?” अण्णांनी विचारलं.

“मी हललेच नाही. सत्काराची शाल समोर टेबलावर होती, ती डोक्यावरून घेतली आणि बसून राहिले. अर्धा तास. व्यासपीठावर मी एकटी, समोर मैदान रिकामं.” त्या थांबल्या. “दिगंबर, इतकी शांतता छत्तीस वर्षांच्या नोकरीत मिळाली नव्हती. हाच खरा सत्कार.”

“हे छापू?”

“छाप. पण ते थरथरणारे हात काढ. शेळक्याला मी शिकवलं असं जिल्हाभर झालंय. माझी अब्रू आहे.”

अण्णा स्कूटर वळवायला बाहेर गेले. बाईंनी माझ्या दंडाला हलकेच धरलं.

“मला अर्धा तास समोर बघायला दुसरं काही नव्हतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “सगळ्या खुर्च्या उलट्यापालट्या झालेल्या. पहिल्या रांगेत एकच खुर्ची जागची हलली नव्हती. ‘पत्रकार’ असा कागद चिकटवलेली. मी साडेतीनपासून व्यासपीठावर होते, वृंदा.”

मी बाहेर अण्णांकडे पाहिलं.

“त्याला मी सांगणार नाही. तू सांग. आजच सांग. हा माणूस सकाळपासून तुझ्या चुकीसाठी गावभर हिंडतोय.”

बाहेर स्कूटर सुरू झाली.

मी सांगणार होते. खरंच. बाजारतळाच्या उतारापर्यंत मी मनात वाक्य जुळवलं. ‘अण्णा, एक सांगायचंय.’ एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात अण्णा पुढे बघत, अगदी गंभीर आवाजात म्हणाले, “चाळीस फूट वायर.”

बस.

मला आधी पोटात उकळी फुटल्यासारखं झालं. मग त्यांची पाठ थरथरू लागली. मग स्कूटर. आम्ही दोघं, वायर, माईक, झांबरे सर, सगळं एकत्र त्या उतारावरून डुगडुगत खाली आलं. अण्णांनी कशीबशी बाभळीखाली गाडी उभी केली आणि हँडलवर डोकं टेकून हसू लागले. मी खाली उतरून दगडावर बसले. ते चष्मा काढून धोतराच्या टोकाने डोळे पुसत, परत घालत, माझ्याकडे बघत आणि पुन्हा काढत.

“‘माझ्या आधी एकही विद्यार्थी मागे राहिला नाही,’” मी म्हटलं.

“खरं आहे ते,” अण्णा म्हणाले. श्वास घ्यायला थांबले. “त्याच्या मागे राहिले सगळे.”

मेंढ्या घेऊन चाललेल्या एका बाईने आमच्याकडे पाहिलं, अंदाज घेतला आणि मेंढ्या जरा लांबून नेल्या. त्यावर आम्ही आणखी हसलो. आई गेल्यानंतर मी अण्णांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज हसताना बारीक होतो, हेसुद्धा मी विसरले होते.

शेवटी दोघांनाही दम लागला. बाभळीच्या शेंगा वाजत होत्या.

“अण्णा,” मी म्हटलं.

“हं.”

ते माझ्याकडे बघत होते. चेहरा ओला, लाल, पोरासारखा. माझ्यासमोर असा चेहरा पुन्हा कधी येईल असं मला वाटलं नाही, आणि तो मला मोडवेना.

“काही नाही.”

“काही राहिलंय का लिहायचं?”

“नाही.”

“बरं,” अण्णा म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

---

दुपारी पुढच्या खोलीतल्या टेबलावर दुरुस्ती तयार झाली. अण्णा येरझारा घालत सांगत होते, मी लिहीत होते. दोनदा आम्हाला हसू आवरेना म्हणून थांबावं लागलं. तो मजकूर मला अजून पाठ आहे.

‘काल याच जागी, याच आकारात, लोखंडे बाईंचा सत्कार उत्साहात संपन्न झाल्याची बातमी आली होती. सत्कार झाला नाही. उत्साह होता, तो पळण्यात होता. अध्यक्ष श्री. शेळके यांचे भाषण झाले नाही. छापलेले भाषण आमच्या कार्यालयात तयार झाले व ते त्यांना आवडले. ते बाईंचे विद्यार्थी नाहीत. दीपप्रज्वलन झाले नाही, समई श्री. मुलाणी यांनी सतरंजीखाली सुखरूप ठेवली. उपस्थिती पाचशे नव्हे. मांडलेल्या खुर्च्या एकशे वीस होत्या. मुख्याध्यापक श्री. झांबरे आपण शेवटी बाहेर पडल्याचे सांगतात. इतरांचे म्हणणे वेगळे आहे. त्यांचे मनोगत गावाने लाउडस्पीकरवरून ऐकले आहे. बाई व्यासपीठावर अर्धा तास एकट्या व शांत बसून होत्या आणि हाच आपला सत्कार, असे त्या म्हणाल्या.’

अण्णा खिडकीपाशी थांबले. पाठ माझ्याकडे होती.

“आता प्रतिनिधीचं वाक्य. आपलं माणूस कुठं होतं ते वाचकाला कळायला पाहिजे.”

“सांगा.”

“मी कसं सांगू? प्रतिनिधी तू होतीस. तुझं वाक्य तू लिही.”

घड्याळात चार वाजत होते. मी लिहिलं, ‘आमच्या प्रतिनिधी फटाके वाजेपर्यंत समारंभस्थळी हजर होत्या, पुढील मजकूर त्यांनी निमंत्रणपत्रिकेवरून लिहिला.’

अण्णांनी कागद घेतला. सावकाश वाचला. मग खिशातली वही काढली, एक पान उघडलं, त्यावर नजर टाकली आणि वही मिटली.

“असंच जाऊ दे?”

“हो.”

त्यांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘चूक संपादकाची आहे. वाचकांची क्षमा मागतो. – दिगंबर खटावकर.’ पाकीट चिकटवलं आणि स्टँडवर निघाले. दारातून वळून म्हणाले, “रात्रीला पिठलं कर. आज भूक लागलीय.”

---

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे आरामखुर्चीत बसले. चहा, चष्मा, लाल पेन्सिल. मी आतून विचारलं, “कसं दिसतंय?” ते म्हणाले, “छान आलंय.” अर्ध्या तासाने मी दुसरा चहा घेऊन गेले तेव्हा पेन्सिल जमिनीवर होती. ते मान जरा कलती करून बसले होते. एवढंच.

सगळं गाव आलं. शेळके तशाच सुजलेल्या चेहऱ्याने आले आणि खांदा दिला. झांबरे सर लंगडत स्मशानापर्यंत चालले. इकबालने त्या दिवशी कुठेच भोंगा लावला नाही. लोखंडे बाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि काही विचारलं नाही.

तो अंक मी चौथ्या दिवशी उचलला. तिसऱ्या पानावर दोन रेघा होत्या, एका जाहिरातीतल्या मुद्रणदोषांखाली. पहिल्या पानावर फुली नव्हती, रेघ नव्हती. दुरुस्तीतल्या माझ्या वाक्याशेजारी, समासात, एक लाल ठिपका होता.

त्यानंतर मी बातमी लिहिली नाही. पुण्यात एका प्रकाशनगृहात मुद्रितशोधक झाले, दुसऱ्यांच्या चुका शोधू लागले. ‘पाणंद’ बंद पडला. पण ती दुरुस्ती बंद पडली नाही. कोणी तिचं कात्रण केलं, कोणी त्याच्या प्रती काढल्या. आधी जिल्ह्यातल्या पत्रकारांनी, मग पत्रकारितेच्या वर्गांमध्ये शिकवणाऱ्यांनी ती वाचून दाखवायला सुरुवात केली. आधी पोरं पोट धरून हसायची, मग सर म्हणायचे, याला म्हणतात प्रामाणिकपणा, बघा, स्वतःच्या प्रतिनिधीचीही चूक लपवली नाही. सव्वीस वर्षं मी हे लांबून ऐकत होते.

गेल्या फेब्रुवारीत रेठवडीच्या कॉलेजने पत्रकारिता विभागाच्या दालनाला अण्णांचं नाव दिलं. मला बोलावलं. भिंतीवर ती दुरुस्ती मोठी करून, काचेत लावली होती. अर्थात ती दुसऱ्या कुणाच्या अंकातली होती. त्यावर ठिपका नव्हता. तो माझ्या पर्समध्ये होता.

कार्यक्रम पत्रिकेनुसार चारला होता. पाच वाजत आले तरी पाहुणे यायचे होते. शेजारच्या खुर्चीत प्रणाली नावाची तिथली वार्ताहर मुलगी फोनवर भराभर अंगठे चालवत होती. चुणचुणीत, हसरी.

“मॅडम, बातमी पाठवून दिली,” ती म्हणाली. “साडेपाचला पान जातं ना. तुमचं मनोगतपण टाकलंय. छान टाकलंय.”

“बघू?”

तिने फोन माझ्यापुढे धरला. ‘वडिलांच्या आठवणी सांगताना वृंदाताई भावुक झाल्या. अण्णांनी दिलेला सत्याचा वारसा आयुष्यभर जपला, असे सांगून त्यांनी सर्वांचे आभार मानले.’ मला हसू आलं. ते वाढत गेलं. मी पदर तोंडाला लावला, तरी खांदे हलत होते. प्रणाली घाबरली.

“काही चुकलंय का, मॅडम?”

“चांगलं लिहितेस,” मी म्हटलं. “मीही असंच लिहायचे. फोन बंद करू नकोस. लागेल.”

पाहुणे आले. समई पेटली. दोघांची भाषणं झाली, दुरुस्ती वाचून झाली, सभागृह हसून हसून लोळलं, आणि मग माझं नाव पुकारलं गेलं. माईकपाशी जाताना खाली वायर होती, ती मी सांभाळून ओलांडली. पर्समधून पिवळा पडलेला अंक काढला आणि उलगडून धरला.

“तुम्ही आत्ता जे ऐकलंत, त्यात एक वाक्य खोटं आहे,” मी म्हटलं. “शेवटून तिसरं. ‘आमच्या प्रतिनिधी फटाके वाजेपर्यंत समारंभस्थळी हजर होत्या.’ ते अण्णांचं नाही. ते मी लिहिलंय. अण्णांनी त्याच्याशेजारी ठिपका काढला होता. ठिपका म्हणजे विचारायचं राहिलंय. ते विचारायच्या आधीच अण्णा गेले.”

प्रणालीचे अंगठे थांबले होते. कोणीतरी खोकलं.

“याच जागी, याच आकारात, असा त्यांचा नियम होता. जागा हीच आहे. म्हणून इथंच सांगते.”

मी अंकावरच्या ठिपक्याकडे पाहिलं. तो अजून लालच होता.

“अण्णा, मी तिथं नव्हते. मी माडीवर कादंबरी वाचत होते.”